करुणा वाटत नाही त्या दिवसाचं काय?

प्रश्न असा आला आहे: बौद्ध धम्मात आज्ञा देणारा ईश्वर नाही, मेल्यावर हिशेब मागणारा कुणी वर बसलेला नाही, मग नीती उभी कशावर? करुणेवर, असं सगळे सांगतात. पण करुणा ही भावना. आज दाटून येते, उद्या येत नाही. स्वतःच्या लेकरासाठी येते, छळणाऱ्यासाठी येत नाही. इतक्या बेभरवशाच्या गोष्टीवर नीती उभारायची कशी? त्यात आत्माच नाही म्हटल्यावर करुणा करायची कुणावर? आणि हे सगळं पटलं तरी सुरुवात कुठून करायची?

मी पाली वाचतो, शिकवतो, बरीच वर्षं स्वतः ध्यानाला बसतो आणि आता इतरांनाही बसवतो. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. विचारणाऱ्याला बहुधा एका वाक्यात उत्तर हवं असतं, आणि एका वाक्यात दिलं की ते हमखास अर्धवट राहतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दुसऱ्याचं दुःख माझ्या दुःखाच्याच जातीचं आहे, ही ओळख म्हणजे पाया. तिच्यासोबत भावना कधी येते, कधी येत नाही. येत नाही त्या दिवसासाठीच शील, म्हणजे स्वतःहून घेतलेले नीतीचे नियम, आहे.

पंचशील अनेकांना तोंडपाठ असतं. ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि’, प्राणघातापासून दूर राहण्याचं शिक्षापद मी घेतो. यात कारण दिलेलं नाही. कारण सापडतं दीघनिकायाच्या (निकाय म्हणजे सुत्तांचा, बुद्धांच्या उपदेशांचा, पाली संग्रह) पहिल्या दोन सुत्तांत, ब्रह्मजाल आणि सामञ्ञफल यांत. तिथे प्राणघात सोडलेल्या माणसाचं वर्णन असं येतं: ‘निहितदण्डो निहितसत्थो लज्जी दयापन्नो सब्बपाणभूतहितानुकम्पी विहरति’. काठी खाली ठेवलेला, शस्त्र खाली ठेवलेला, लाज असलेला, दयाळू, सगळ्या प्राणिमात्रांचं हित चिंतत राहणारा. हात काय करत नाही आणि मन कसं आहे, दोन्ही एकाच दमात. यातला ‘लज्जी’ लक्षात ठेवा. तो पुढे कामाला येणार आहे.

आता पाया घातला कसा, ते पाहू. संयुत्तनिकायात वेळुद्वार नावाच्या गावच्या ब्राह्मण गृहस्थांचं एक सुत्त आहे. ते बुद्धांना सरळ सांगतात, आम्ही लेकराबाळांच्या गर्दीत राहणारी माणसं, काशीचं चंदन लावतो, माळा घालतो, सोनं-चांदी बाळगतो; आम्हाला लागू पडेल असं काही सांगा. बुद्ध त्यांना ना स्वर्गाची लालूच दाखवून सुरुवात करतात, ना नरकाचा धाक घालून. ते म्हणतात, आर्यश्रावक, म्हणजे धम्म समजलेला शिष्य, असा विचार करतो: मला जगायचं आहे, मरायचं नाही, मला सुख हवं, दुःख नको. कुणी माझा जीव घेतला तर ते मला आवडणार नाही. मी दुसऱ्याचा घेतला तर त्यालाही आवडणार नाही. जे मला नकोसं, ते त्यालाही नकोसं. मग मला नको असलेलं मी त्याच्या गळ्यात कसं बांधू? हाच विचार पुढे चोरीला लावला आहे, व्यभिचाराला लावला आहे, खोटं बोलण्याला, चहाडीला, कठोर बोलण्याला आणि शेवटी वायफळ बडबडीलाही. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी येतात: स्वतः ते टाळायचं, इतरांना टाळायला सांगायचं, आणि टाळण्याची वाखाणणी करायची.

या सगळ्या विचारात डोळे पाणावण्याचा भाग कुठेही नाही. ज्याला आज काहीच वाटत नाही, मन कोरडं ठाक पडलं आहे, असा माणूसही हा विचार शेवटपर्यंत नेऊ शकतो. धम्मपदाच्या १२९व्या गाथेत हेच दोन ओळींत आलं आहे: ‘सब्बे तसन्ति दण्डस्स, सब्बे भायन्ति मच्चुनो। अत्तानं उपमं कत्वा, न हनेय्य न घातये॥’ सगळे दंडाला घाबरतात, सगळ्यांना मरणाचं भय. स्वतःवरून ओळखून मारू नये, मारवू नये.

यावर एक शंका लगेच येते. हा तर सौदा झाला, मी तुला मारत नाही, तू मला मारू नकोस. नीट वाचलं तर सौद्याची बाजू इथे नाहीच. समोरचा परतफेड करणार की नाही, याचा विचार कुठेही केलेला नाही. राणी मल्लिकेची गोष्ट इथे उपयोगी आहे. राजा पसेनदी तिला विचारतो, तुला स्वतःहून अधिक प्रिय कुणी आहे का? बिचाऱ्याला कुठल्या उत्तराची आशा असेल ते कळतंच. ती म्हणते, नाही महाराज, मला माझ्याहून प्रिय कुणी नाही. तुम्हाला आहे का? तोही प्रामाणिकपणे नाही म्हणतो आणि जाऊन बुद्धांना सांगतो. बुद्ध दोघांना स्वार्थी ठरवत नाहीत. सगळ्या दिशा मनाने पालथ्या घातल्या तरी स्वतःहून प्रिय कुणी सापडत नाही हे खरंच, असं ते म्हणतात. इतरांनाही आपापला जीव तसाच प्रिय आहे, म्हणून ज्याला स्वतःचं भलं हवं त्याने दुसऱ्याला इजा करू नये. स्वतःवरचं प्रेम आधी उपटून टाका आणि मग नीतीच्या शाळेत या, अशी अट इथे नाही. त्या प्रेमावरूनच दुसऱ्याचा अंदाज घ्यायचा आहे.

करुणेचं नियमात रूपांतर कसं होतं, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण विनयपिटकात, म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमांच्या ग्रंथात आहे, त्यातल्या महावग्गात. एका भिक्षूला पोटाचा विकार झाला होता, तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. बुद्ध आपला शिष्य आनंद याच्यासोबत निवासस्थानांची पाहणी करत तिथे आले. विचारलं, तुझी शुश्रूषा करणारा कुणी आहे का? नाही. का नाही? तो म्हणाला, मी भिक्षूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे बघत नाहीत. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदाने धुतलं. एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून उचलून त्याला मंचकावर ठेवलं. मग भिक्षूंना बोलावून विचारलं, तर त्यांनीही तेच कारण सांगितलं: तो आमच्यासाठी काही करत नाही. तेव्हा बुद्ध म्हणाले, भिक्षूंनो, तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांचं केलं नाहीत तर करणार कोण? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी.

हे वाक्य सगळे उद्धृत करतात. त्यापुढचा भाग कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. बुद्ध तेवढ्यावर थांबत नाहीत. ते क्रम लावून देतात: उपाध्याय असेल तर त्याने शुश्रूषा करायची, नसेल तर आचार्याने, मग सोबत राहणाऱ्या शिष्याने, असं करत करत कुणीच नसेल तर संघाने, आणि संघाने केली नाही तर संघाला दोष. म्हणजे उद्या एखाद्याला त्या घाणीजवळ जाऊन किळस आली, करुणेचा थेंबही वाटला नाही, तरी पाणी आणावंच लागेल. करुणा एका माणसाला एका दिवशी वाटली. नियमाने ती इतरांच्या इतर दिवसांना पुरवली. ‘भावनेवर नीती कशी उभी राहील’ या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळतं. भावना मोजून नीती ठरवलेली नाही. करुणेने जे दिसलं त्याची शिस्त बांधली आहे.

पण मग उलट बाजूने प्रश्न येतो, आणि तो जास्त अवघड आहे. पाया जर करुणा, तर करुणेपोटी शील मोडलं तर चालेल का? नियम मोठा की ज्यासाठी नियम केला ते मोठं?

विनयातच दोन निकाल आहेत, ते शेजारी-शेजारी ठेवून वाचावेत. पहिला चोरीच्या नियमाखाली येतो. फासात अडकलेलं एक रानडुक्कर एका भिक्षूने करुणेने सोडून दिलं. डुक्कर फास लावणाऱ्याचं. म्हणजे न दिलेली वस्तू घेतल्यासारखंच झालं. भिक्षूला धास्ती वाटली की आपल्या हातून पाराजिक घडलं, म्हणजे संघातून कायमचं बाहेर काढणारा अपराध. बुद्धांनी निकाल दिला: ज्याचा हेतू करुणेचा होता त्याला दोष नाही. चोरण्याच्या हेतूने सोडलं असतं तर मात्र दोष होता. दुसरा निकाल मनुष्यहत्येच्या नियमाखाली. एक भिक्षू आजारी होता. सोबतच्या भिक्षूंनी करुणेने त्याच्यापुढे मरणाची महती गायली, आणि तो मेला. बुद्धांचा निकाल: पाराजिक. त्याच प्रकरणात आणखी एक प्रसंग आहे. एक भिक्षू वधस्थळी जाऊन मारेकऱ्याला म्हणतो, बाबा, याचे हाल करू नकोस, एका घावात संपव. मारेकरी ‘बरं’ म्हणून तसंच करतो. इथेही पाराजिक.

गंमत अशी की ग्रंथ त्या भिक्षूंच्या करुणेवर शंका घेत नाही. ‘करुणेने’ असंच तिथे लिहिलं आहे. तरीही निकाल उलटा. का? डुकराच्या बाबतीत करुणेने जीव मोकळा झाला. एका माणसाच्या मालकीला धक्का लागला खरा, पण जगायचं की मरायचं याचा फैसला कुणी कुणाच्या वतीने केला नाही. दुसऱ्या दोन ठिकाणी करुणा वाटणाऱ्याने समोरच्याच्या जिवाचा निवाडा स्वतःकडे घेतला. थेरवादी (पाली ग्रंथ मानणाऱ्या) परंपरेच्या अभिधम्माची, म्हणजे चित्ताची बारकाईने फोड करणाऱ्या ग्रंथांची, भूमिका तर याहून कडक आहे: प्रत्यक्ष जीव घेण्याच्या क्षणी चित्त द्वेषमूलकच असतं, करणाऱ्याला आपण दयाळू आहोत असं कितीही वाटत असलं तरी. सुरुवातीला मला हे टोकाचं वाटायचं. आजाऱ्यांच्या उशाशी बसायला लागल्यापासून तसं वाटत नाही.

एक प्रसंग सांगतो. ध्यानाला येणाऱ्या एका गृहस्थांचे वडील अंथरुणाला खिळलेले होते. ते मला सारखे म्हणायचे, बाबांचे हाल बघवत नाहीत, सुटले तर बरं. मी एकदा त्यांच्यासोबत गेलो. ते खोलीच्या दारातच उभे राहायचे, औषध दिलं की बाहेर. मी म्हटलं, आज काही न करता शेजारी बसून राहा, स्वतःच्या छातीत काय चाललं आहे ते आधी बघा. बराच वेळ गेला. मग वडिलांनी खुणेने काहीतरी सांगितलं. पाठीखाली चादरीची वळकटी झाली होती आणि ती टोचत होती. मुलाने कूस वळवून दिली, चादर ओढून सारखी केली. म्हातारा झोपला. ‘हाल बघवत नाहीत’ हे दुःख मुलाचं होतं, आणि त्यावर मुलाला उतारा हवा होता. वडिलांचं त्या वेळचं दुःख चादरीचं होतं. (उपचार किती ओढायचे हा वेगळा प्रश्न आहे. मरण घडवणं आणि मरण येऊ देणं यांत हेतूचा फरक आहे, आणि ‘चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि’, हेतूलाच मी कर्म म्हणतो, हे बुद्धांचं वचन आहे.)

पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषांनी विशुद्धिमार्ग हा साधनेवरचा ग्रंथ लिहिला, त्यात यासाठी नेमकी खूण आहे. प्रत्येक ब्रह्मविहाराला (मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार भावनांना) एक दूरचा शत्रू आणि एक जवळचा शत्रू. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य. तो ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. जवळचा शत्रू म्हणजे संसारातलं शोक करत बसणं, उदास होणं. तो करुणेचे कपडे घालूनच येतो. ध्यानात त्याची ओळख माझ्यापुरती अशी: करुणा असते तेव्हा लक्ष समोरच्यावर असतं आणि हाताला काम सुचतं, शोक असतो तेव्हा लक्ष हळूच माझ्याकडे वळतं, श्वास आखडतो, आणि तिथून उठून जावंसं तरी वाटतं किंवा सगळं एकदाचं संपावंसं तरी. शुश्रूषा करणारी, समाजकार्य करणारी माणसं जी पार थकून जातात, ती बहुधा करुणेने थकलेली नसतात, या शत्रूने पोखरलेली असतात.

महायान या दुसऱ्या मोठ्या बौद्ध परंपरेची बाजूही सांगायला हवी, नाहीतर चित्र एकांगी होईल. उपायकौशल्य सूत्रात बोधिसत्त्वाच्या, म्हणजे बुद्ध होण्याच्या वाटेवर असलेल्याच्या, एका जन्माची कथा आहे. तो नावेचा कप्तान असतो; नावेत ५०० व्यापारी आणि त्यांना मारून लुटायला निघालेला एक दरोडेखोर. कप्तान त्या एकाला मारतो. व्यापारी वाचावेत म्हणून, आणि तो दरोडेखोर इतक्या हत्यांचं फळ भोगायला नरकात जाऊ नये म्हणूनही. महायानाचे आचार्य असंग यांच्या बोधिसत्त्वभूमी या ग्रंथातही अशीच मुभा आहे. ही कथा वादात फार वापरली जाते, आणि वापरणारा तिच्यातली अट बहुधा गाळतो: कप्तान स्वतः नरकात जायला तयार होऊन ते करतो. माझं कर्म माफ व्हावं असं तो म्हणत नाही. ‘करुणेने केलं’ असं म्हणून निर्दोष सुटू पाहणाऱ्याला ही कथा काही कामाची नाही. स्वतःपुरतं मी विनयाच्या निकालांवर चालतो. मनाची पारख आपल्याला वाटते तेवढी पक्की नसते, आणि शील हे त्या कच्च्या पारखीवरचं कुंपण आहे.

आता तो ‘लज्जी’. एखादा पालीचा अभ्यासक म्हणेल, करुणेला पाया म्हणणं मुळात चूक आहे. विशुद्धिमार्गात शीलाचं जवळचं कारण म्हणून हिरी आणि ओत्तप्प सांगितले आहेत, म्हणजे वाईट करण्याची आतली लाज आणि परिणामाचं भय. खरं आहे. अंगुत्तरनिकायात या दोघांना जग सांभाळणारे धर्म म्हटलं आहे. हे नसते तर माणसं शेळ्या-मेंढ्यांसारखी, कोंबड्या-डुकरांसारखी वागली असती, असं तिथे स्पष्ट आहे. मला यात विरोध दिसत नाही. का करायचं नाही, याचं उत्तर करुणा देते. ऐन वेळी हात कोण धरतो, तर लाज धरते. संतापाच्या भरात जिभेवर आलेलं वाक्य गिळताना समोरच्याचं दुःख आठवेलच असं नाही. ‘हे मला शोभत नाही’ एवढं आठवलं तरी काम भागतं. पण लाज कशाची वाटायची हे कुठून ठरतं? दुसऱ्याला दुखावण्याची लाज वाटायला आधी ते दुखणं खरं वाटलेलं असावं लागतं. नुसत्या लोकलज्जेवर उभ्या समाजात माणसं फार हिंस्र गोष्टींचीही लाज वाटून घेत नाहीत, उलट त्या न केल्याची वाटून घेतात.

बुद्धांनी राहुलला, स्वतःच्या मुलाला, दिलेला उपदेश इथे रोजच्या वापरातला आहे. आरसा कशासाठी असतो, असं ते विचारतात. बघण्यासाठी. तसंच काया, वाचा आणि मन यांची कर्मं बघून बघून करावीत. करण्याआधी बघ, करताना बघ, केल्यावर बघ: यातून मला पीडा होते का, दुसऱ्याला होते का, दोघांना होते का? होत असेल तर आधी असताना करू नकोस, मध्ये असताना थांब, झाल्यावर जाणत्यापुढे कबूल कर. कसोटी एकच, पीडा. आणि तिच्यात स्वतःलाही मोजलं आहे. स्वतःला जाळून दुसऱ्याला उजेड देणारा हा आपल्याकडचा लाडका आदर्श इथे बसत नाही. अंगुत्तरनिकायात चार प्रकारची माणसं सांगितली आहेत, त्यात फक्त परहित साधणाऱ्यापेक्षा फक्त स्वहित साधणारा वरचा ठरवला आहे. दोन्ही साधणारा अर्थात सर्वांत वर. वाचून अनेकजण दचकतात. पण तिथे हित म्हणजे पैसा-अडका नव्हे, आपल्या मनातला लोभ, द्वेष आणि मोह हटवणं. ते न करता जगाचं भलं करायला निघालेला माणूस काय करून ठेवतो, याचे दाखले शोधायला लांब जावं लागत नाही.

करुणा म्हणजे गोड बोलणं, हा गैरसमज थोडक्यात निकालात काढतो. अभय राजकुमार बुद्धांना पेचात पकडायला येतो: तुम्ही दुसऱ्याला अप्रिय वाटेल असं बोलता का? त्याच्या मांडीवर लहान मूल असतं. बुद्ध विचारतात, या मुलाने तोंडात काडी किंवा खडा घातला तर काय करशील? तो म्हणतो, काढीन. सहज निघाला नाही तर डाव्या हाताने डोकं धरून उजव्या हाताचं बोट वाकवून काढीन, रक्त आलं तरी. का? मुलावर अनुकंपा आहे म्हणून. बुद्ध म्हणतात, माझंही तसंच; खरं आणि हिताचं असेल तर अप्रियही बोलतो, पण वेळ बघून. शेवटचे तीन शब्द विसरणारे ‘मी स्पष्टवक्ता आहे’ म्हणत हिंडतात.

छळणाऱ्याचं काय? ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या अन्यायात गेल्या त्यांना करुणेचा उपदेश करणं हा क्रूर विनोद नाही का? हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्माची मांडणी करताना करुणेला आणि नीतीला जे स्थान दिलं, ते हा अनुभव अंगावर घेतलेल्या माणसाने दिलेलं आहे, हे विसरू नये. धम्मात ईश्वराची जागा नीतीने घेतली आहे, आणि माणसाने माणसावर प्रेम करण्याच्या थेट गरजेतून ती नीती निघते, त्यासाठी ईश्वराची मंजुरी लागत नाही, असं त्यांनी लिहिलं. करुणेवरही ते थांबले नाहीत. करुणा माणसांपुरती, मैत्री सगळ्या जिवांपर्यंत, अशी त्यांची मांडणी आहे. आणि तेच बाबासाहेब हक्कांसाठी आयुष्यभर लढले. करुणा म्हणजे अन्याय सोसत राहणं, असा अर्थ त्यांनी घेतला नाही आणि सुत्तांतही तो नाही. अनेकांचे जीव घेतलेल्या अंगुलिमाल या दरोडेखोराला बुद्धांनी जवळ करून भिक्षू केलं, पण नंतर भिक्षेला गेल्यावर दगड-काठ्या लागून तो रक्तबंबाळ होऊन आला तेव्हा ‘सोस, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे’ असंच सांगितलं. करुणेने परिणाम पुसले जात नाहीत.

अन्याय करणाऱ्याबद्दल करुणा वाटायची कशी, यावर विशुद्धिमार्गातली उपमा मला कायम आठवते. वधस्थळाकडे नेला जाणारा गुन्हेगार आहे. वाटेत लोक त्याला खाऊ देतात, माळा घालतात, अत्तर लावतात, आणि तो ते भोगत मजेत चालल्यासारखा दिसतो. पण बघणारा कुणी त्याला सुखी म्हणत नाही. सत्तेच्या जोरावर दुसऱ्याला चिरडून सुखात असलेला माणूस असा दिसायला लागला, की त्याला रोखायचा निर्धार ढळत नाही, फक्त त्याचं नुकसान बघून मिळणारा आनंद गळून पडतो.

अनात्म्याचा, म्हणजे आत्माच नाही तर करुणा कुणावर हा, प्रश्न मी लवकर उरकतो, कारण तो ऐकायला जितका भेदक वाटतो तितका नाही. नालंदेच्या शांतिदेवांनी आठव्या शतकात बोधिचर्यावतारात तो घेतला आहे. समजा कुणी म्हणालं, दुसऱ्याचं दुःख मला जाणवत नाही, मग मी ते का दूर करू? ते विचारतात, पायाचं दुःख हाताचं नसतं, मग हात पायाला का जपतो? आणि ‘मयान्यदुःखं हन्तव्यं दुःखत्वादात्मदुःखवत्’: दुसऱ्याचं दुःख मी दूर करायचं, कारण ते दुःख आहे, माझ्या दुःखासारखंच. दुःखाला मालक नाही म्हटल्यावर ‘माझं आधी’ म्हणायला आधार उरत नाही. तर्काला तर्क म्हणून यात फटी काढता येतात, काढल्याही गेल्या आहेत. पण ध्यानात ‘मी’ची पकड थोडी जरी सैल झाली तरी काय होतं हे बघा. करुणा करायला कुणी उरत नाही, असं होत नाही. समोरच्याकडे लक्ष द्यायला जागा होते.

सुरुवातीबद्दल. करुणाध्यानाला ‘सगळे प्राणी सुखी होवोत’ने बसू नका, त्या ‘सगळ्यां’त कुणीच नसतं. विशुद्धिमार्गाचा क्रम असा: पहिल्यांदा उघड दुःखात असलेला एक माणूस डोळ्यांपुढे आणायचा आणि ‘याची यातून सुटका व्हावी’ एवढंच मनात धरायचं. मग प्रिय व्यक्ती, मग ओळखीची पण ना आवडती ना नावडती, आणि शेवटी वैरी. वैऱ्याकडे पोचल्यावर राग उसळला तर मागे फिरून आधीच्या माणसाकडे यायचं. त्यात कमीपणा नाही; क्रमातच ते सांगितलं आहे. मधल्या माणसापाशी मात्र रेंगाळा. ज्याच्याशी आपलं काही देणं-घेणं नाही त्याचं दुःख खरं वाटणं, ही माझ्या अनुभवात वैऱ्याहूनही कठीण पायरी आहे.

आपला-परका अशी मनातली सीमा मोडली की नाही हे तपासायला विशुद्धिमार्गात एक प्रसंग दिला आहे. तुम्ही, तुमचा प्रिय, तटस्थ आणि वैरी असे चौघे बसला आहात. दरोडेखोर येतात आणि बळी द्यायला एक जण मागतात. ‘याला न्या’ म्हटलं तर सीमा शाबूत. ‘मला न्या, यांना सोडा’ म्हटलं तरीही शाबूत. चौघांपैकी कुणाकडेच बोट वळत नाही, तेव्हा ती मोडली. हुतात्मा व्हायला निघालेल्या साधकांना मी हा उतारा आवर्जून वाचायला देतो.

आणि एवढं सगळं करूनही एखाद्या माणसाबद्दलचा राग जातच नसेल तर? बुद्धघोष एकामागून एक उपाय सांगत जातात, आणि अगदी शेवटचा उपाय मनाचा नाहीच: त्याला काहीतरी द्या, किंवा त्याच्याकडून काहीतरी घ्या. दाखलाही आहे. एका स्थविराने, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूने, ज्या भिक्षूला तीन वेळा त्याच्या जागेवरून उठवलं होतं, त्या भिक्षूने त्याच स्थविराला आपल्या उपासिका आईने दिलेलं भिक्षापात्र देऊन टाकलं. करून बघाल तर वस्तू खरोखर तुमच्या कामाची असू द्या, अडगळ नको, आणि देताना जुना विषय काढू नका. ज्या माणसाने तुम्हाला मारहाण केली आहे किंवा ज्याच्यापासून अजून धोका आहे, त्याच्याशी हे करायला जाऊ नका. तिथे अंतर राखा, आणि देण्याची सुरुवात त्या मधल्या, ना आवडत्या ना नावडत्या माणसापासून करा.